उंब्रजची दातखिळी

छत्तीस वर्षे मी इतरांच्या चुका लाल शाईने अधोरेखित केल्या. आज माझी एक चूक तुमच्यापुढे ठेवते. चहा आधी संपवा. चूक मोठी आहे.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या जबड्याने काम सोडले. घास डावीकडेच चावला जाई. सांगलीच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने गालांवर बोटे ठेवून तपासले.

"बाई, उजवीकडचे चावण्याचे स्नायू आळशी झालेत. रोज व्यायाम करा, हळूहळू कामाला लागतील."

व्यायाम असा: दात मिटायचे, तळवे गालांवर ठेवायचे, दहा अंक मोजेपर्यंत स्नायू ताठ धरायचे, मग सैल सोडायचे. अशा दहा फेऱ्या, दिवसातून तीनदा. तिने सूचनांचा कागदही दिला. मी तो वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. सकाळची वेळ ठरवली साडेनऊ. ठरली म्हणजे ठरली!

चूक घडली त्या दिवशी कोरेगावच्या एका शाळेत दहावीच्या मुलांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे माझे व्याख्यान होते. विषय, 'परीक्षेत टाळावयाच्या चुका'. वेळ साडेअकरा. मी आयुष्यात कुठेही उशिरा पोहोचलेले नव्हते, आणि त्या दिवशीही पोहोचणार नव्हते.

साडेनऊ वाजले तेव्हा माझी एसटी उंब्रजच्या वेशीवर होती. मी तळवे गालांवर ठेवले, दात मिटले, डोळेही मिटले. मोजणीत चूक नको!

"आवं बाई," शेजारचे फेटेवाले आजोबा म्हणाले, "कोरेगावला कवा पोचंल ही? नातीच्या शाळंत जायाचंय."

माझा सहावा अंक चालू होता. मध्येच तोडलेला व्यायाम म्हणजे अर्धवट सोडवलेले गणित. मी सातव्या अंकावर गेले.

"बाई? आवं बाई! आगागा, दातखिळी बसली की बाईंची! कंडक्टर, गाडी थांबवा!"

तसे काही नाही, हे सांगण्यासाठी मी जोरजोराने मान हलवली.

"बगा, झटकं बी याय लागलं!"

मागून एक बाई ओरडली, "कांदा हुंगवा त्यास्नी!"

कांदा कोणाकडेच नव्हता. मग काय? आजोबांनी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाखाली धरली. भरल्या उसाला पाणी पाजून आलेली चप्पल!

"हुंगा बाई, हुंगा. लय गुणकारी हाय."

आणि मी? मी मोजत होते. चौथी फेरी, पाचवा अंक.

"डायवर, दवाखान्याच्या दारातच लाव!" कंडक्टर गरजला.

दहावी फेरी संपली तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर होते आणि अख्खी एसटी माझ्याभोवती उभी होती.

"मला काहीही झालेले नाही," मी स्पष्ट केले. "मी चावण्याच्या स्नायूंचा व्यायाम करीत होते."

"आता चावायचा बी व्यायाम असतोय व्हय?" आजोबा चप्पल पायात सरकवीत म्हणाले.

मी पुरावा म्हणून कागद डॉक्टरांच्या हाती दिला. त्यांनी मला दात आवळायला लावून दोन्ही गाल दाबून पाहिले. "उजवी बाजू छान काम करतेय."

मी अभिमानाने आजोबांकडे पाहिले. तेवढ्यात डॉक्टरांनी कागद उलटला. मागेही मजकूर होता! ते मोठ्याने वाचू लागले, "व्यायाम घरी, निवांत बसून करावा. कोणी हाक मारल्यास थांबावे. काही बिघडत नाही."

कोणी हसले नाही. सगळ्यांनी आपापल्या घड्याळात पाहिले, ते मनाला जास्त लागले.

व्याख्यानाला मी पाऊण तास उशिरा उभी राहिले. उशिराचे कारण सांगण्याच्या भानगडीत न पडता थेट विषयाला हात घातला.

"मुलांनो, प्रश्नपत्रिका हातात आली की आधी उलटून पाहा! मागे काय लिहिले आहे, हे वाचल्याशिवाय पेन उचलू नका!"

पालकांच्या रांगेत एक फेटा हलला.

"नीट ऐका रं पोरांनो! बाई पुस्तकातलं न्हाई, आज सकाळचंच सांगत्यात!"