चोराच्या हाती मोटार
भडगावात माझं पंपाच्या मोटारी भरायचं दुकान आहे. भरायच्या म्हणजे जळलेलं तांबं काढून नवी तार गुंडाळायची. जुनं तांबं मालकाच्या डोळ्यांदेखत तोलून परत द्यायचं, ही आमची रीत. आणि अशा दुकानात मी कामाला कुणाला घेतलं? केबलचोराला!

विहिरींवरच्या केबली कापायचा, गिरणा नदीच्या वाळूत जाळायचा, तांबं भंगारात विकायचा. जेल भोगून आला, आयटीआयला जाऊ लागला आणि एका संध्याकाळी माझ्या दारात उभा. "अक्का, काम द्या."

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ?" मी खेकसले. तो दारातून हललाच नाही. चेहरा असा उतरलेला की माझाच जीव कळवळला आणि मी त्याला ठेवून घेतलं.

आयटीआय पास झाला, हात छान बसला. पण गिऱ्हाईक त्याच्या हाती मोटार देईना. कुणी आलं की हा मागच्या खोलीत. "लपायचंच होतं तर शिकलास कशाला रे?" मी ओरडायचे. शेवटी म्हणाला, "तुमचा धंदा बसेल अक्का. मी जातो."

त्याच आठवड्यात नाना म्हणून एक म्हातारे शेतकरी मोटार घेऊन आले. याने त्यांची केबल कापली तेव्हा पाण्यावाचून त्यांची केळी वाळली होती. नाना म्हणाले, "यानेच भरावी." आणि सकाळपासून त्याच्यासमोर बसून राहिले. पोरगं मान खाली घालून तार गुंडाळत राहिलं.

संध्याकाळी मोटार फिरली. त्याने जुनं तांबं काट्यावर ठेवलं आणि माझा पारा चढला. "घ्या नाना, नीट बघून घ्या! दिवसभर राखण केलीत ना?"

नानांनी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अक्का, मना नातू बी केबल चोरीमा सापडना. बठ्ठा म्हनतस, वाया गया. वाया जायेल पोऱ्या काम शिकस का, ते देखाले बसनू." म्हणजे त्यांचा नातूही केबल चोरताना सापडला होता, आणि वाया गेलेलं पोर काम शिकतं का, हे बघायला ते बसले होते! मग ते पोराकडे वळले. "भाऊ, त्याले शिकाडशी का?"

गावात त्याला 'चोरट्या' सोडून दुसरी हाक कुणी मारली नव्हती, 'भाऊ' तर नाहीच. पोरगं ढसाढसा रडलं. मीही रडले, त्यात लाज कसली! मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसत तो म्हणाला, "सकायच धाडा, नाना."