वालाच्या वाफ्यात कोंडलेला ससा

कुंपण म्हणून बांधलेलं माझं जुनं पातळ जागच्या जागी होतं. चारी खुंट्यांना ताठ, एक गाठ सुटलेली नव्हती. आणि आत माझा वालाचा वाफा मुंडून टाकलेला. वीतभर आलेल्या रोपांचे बोटभर खुंट उरले होते, कोयत्यानं तिरके छाटल्यासारखे. मधोमध ससा बसला होता. त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. मीच त्याला आत कोंडलं होतं.

आमच्या गावाकडे रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेताला जुनी पातळं बांधतात. कापड फडफडलं की जनावर बिचकतं. इथे जपानात, त्सुकुबाला, मुलाच्या घरामागे शेतं आहेत, तिथून ससे येतात. आदल्या वर्षी माझी मेथी त्यांनीच संपवली. म्हणून या खेपेला मी दोन जुनी नऊवारी पातळं जोडून वाफ्याभोवती बांधली, खालचा काठ मातीत पुरला, वर दगड ठेवले. ससा बिळात राहतो अशी माझी समजूत. तो नुसता गवतात दबून पडतो, हे मला चौथीपर्यंतच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. वाफ्याच्या कोपऱ्यात मी उपटलेल्या गवताचा ढीग टाकला होता. त्यात तो आधीच होता. रात्रभर निवांत जेवला.

भूकंपात तिकडची अणुभट्टी फुटल्यापासून या मातीतलं खायला घरात कुणी तयार नव्हतं. वाफा काढून तिथे खडी टाकायची, दुसरी गाडी उभी करता येईल, असं मुलानं तेव्हाच ठरवलं होतं. मी भांडभांडून एक मोसम मागून घेतला. शेंगा धरल्या तर वाफा राहील, नाहीतर खडी. होतं नव्हतं ते सगळं बी मी पेरलं होतं.

मुलगा चहाचा कप घेऊन बाहेर आला. वाफा बघून म्हणाला, "चला, संपलं. शनिवारी खडीवाल्याला बोलावतो."

मी फावडं उचललं.

"आई, त्याला हात लावू नकोस! इथे रानातलं जनावर पकडायलासुद्धा परवानगी लागते."

"माझं खाऊन माझ्याच पातळात बसलाय. त्यानं कुणाची परवानगी घेतली होती?"

शेजारची म्हातारी, माझ्याच वयाची, तिच्या सोयाबीनच्या वाफ्यातून बघत होती. माझ्या हातात फावडं दिसल्यावर तिनं दोन्ही हातांची फुली केली. "दामे, दामे!" म्हणजे नाही, चालणार नाही.

"दामे काय दामे? तुझं खाल्लं असतं म्हणजे कळलं असतं," मी मराठीत म्हटलं.

फावडं ठेवलं, एका बाजूची गाठ सोडली. ससा हलेना. पोट भरलेलं, कशाला हलेल? शेवटी खराट्यानं ढकलला. तो उडी मारून निघाला तो थेट तिच्या सोयाबीनमध्ये. मग दामेवाली बाई पायातली चप्पल काढून त्याच्यामागे धावली. मुलगा इतका हसला की चहा शर्टावर सांडला. मला हसू आलं नाही.

खुंट मी उपटले नाहीत. गवताचा ढीग उचलून लांब नेऊन टाकला, वाफा काठीनं झोडपून बघितला, आणि पातळ पुन्हा बांधलं. पाणी घालत राहिले.

शनिवारी खडीचा ट्रक आला. मी पाट घेतला आणि वाफ्यात जाऊन बसले.

"आई, ऊठ. लोक बघताहेत."

"बघू देत. मोसम संपलाय का?"

"अगं, आहे काय त्यात? काड्या!"

"काड्या तर काड्या. माझ्या आहेत."

ड्रायव्हर मुलाला वाकून काहीतरी विचारत होता, मुलगा त्याला वाकून काहीतरी सांगत होता. दोघं बराच वेळ वाकले. मग ट्रक गेला.  

खुंट एकेक करत वाळत गेले. एकाला बगलेतून फूट आली. ती पातळाच्या काठापर्यंत चढली, मग पातळावरच पसरली. थंडी पडायच्या आधी शेंगा धरल्या. सून म्हणाली, "आई, एवढ्याशाचं बिरडं कसं होणार?"

"बिरडं नाही करायचं. बी धरायचंय."

खडी पुन्हा आली नाही. सगळ्या वाफ्यातला तो एकच वेल जगला.