कापड्याच्या खळ्यावर ठरलेला उपग्रह

सुलभाचं आणि माझं भांडण बरेच महिने चालू होतं, आणि ते होतं चहाच्या चौकोनी डब्याएवढ्या एका वस्तूवरून. ही वस्तू म्हणजे आमचा उपग्रह. हसू नका. पुण्यात आम्ही काही हौशी रेडिओवाले दर रविवारी काळे सरांच्या गॅरेजमध्ये जमतो आणि खराखुरा, अंतराळात जाणारा उपग्रह बनवतो. कुणाच्या तरी मोठ्या उपग्रहाशेजारी उरलेल्या जागेत बसून तो वर जाईल. जागा मिळण्याची आशा आहे, सांगाडा तयार आहे, बॅटरीही तयार आहे. फक्त वर जाऊन त्याने करायचं काय, हे ठरत नव्हतं. त्याच्या इवल्याशा सौरपट्ट्यांची वीज एकाच कामाला पुरते.

मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. उपग्रहाचा कॅमेरा मी बनवला होता. दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्या त्यात गेल्या, नवऱ्याने फराळ एकट्याने केला. वरून दिसणारा सह्याद्री, पुण्यातल्या गॅरेजमध्ये बनलेल्या डोळ्याने टिपलेला, हे माझं स्वप्न होतं. सुलभा बँकेत आहे, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिला हवी होती टपालपेटी. म्हणजे एका ठिकाणाहून छोटा संदेश वर पाठवायचा आणि उपग्रहाने तो दुसरीकडे खाली द्यायचा. "फोटो काय, कुणीही काढतं," ती म्हणायची. "मेसेज काय, कुणीही पाठवतं," मी म्हणायची.

शेवटी काळे सर वैतागले. "पुढच्या रविवारी निकाल. तोवर जाऊन करून बघा." म्हणून पैज लागली. सुलभाचं माहेर पोलादपूर तालुक्यातलं कापडे. चारी बाजूंनी डोंगर. वर फिरणाऱ्या एका जुन्या हौशी उपग्रहामार्फत तिथून पुण्याला काळे सरांना संदेश गेला आणि उत्तर आलं, तर टपालपेटी. नाही आलं, तर कॅमेरा. डोंगर माझ्या बाजूने होते, त्यामुळे मी अगदी आनंदाने गाडीत पेट्रोल भरलं.

जानेवारीतल्या शुक्रवारी पहाटे निघालो. पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाट उतरून महाड. पावसाळ्यात हा घाट बहुधा बंद असतो, आणि एरवीही भोरला चौकशी करूनच पुढे जा. रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे कंबरेची परीक्षा घेणारा. घाटमाथ्यावर टपऱ्यांमध्ये कांदाभजी मिळतात. मी दोन प्लेट खाल्ल्या, सुलभाने एक. खाली शिवथरकडची दरी निळसर धुक्यात होती आणि मी मनातल्या मनात तिचा वरून फोटो काढत होते.

घाटाच्या वळणांवर मागच्या सीटवरची आमची अँटेना खोक्याखाली सापडली आणि तिचं एक पातं दुमडलं. ही अँटेना म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपवर आडव्या बसवलेल्या स्टीलच्या मोजपट्टीच्या पट्ट्या, सुताराकडे असते त्या पिवळ्या टेपच्या. स्वस्त आणि मस्त. महाडच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात नवा टेप घेतला आणि तिथेच पत्रा कापायची कात्री मागितली.

"कात्री कशाला?" दुकानदारांनी विचारलं.

"हा टेप कापायचाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सुलभाकडे पाहिलं. "ताई, आवडला नसेल तर परत घेतो मी. कापू नका."

खरं कारण सांगितल्यावर मात्र त्यांनी गल्ल्यावरून उठून स्वतःच पट्टी कापून दिली, आणि वर जाणाऱ्या डब्यावर दुकानाचं नाव घालता येईल का, असंही विचारून घेतलं. चवदार तळ्याला नमस्कार करून दुपारी जवळच्या सव गावी गेलो. तिथे सावित्रीच्या काठाला गरम पाण्याची कुंडं आहेत. पाण्यात पाय सोडून आम्ही तासभर बसलो आणि त्या वेळात एकदाही भांडलो नाही. महाडमध्ये लॉज भरपूर आहेत. दोघींना साधी स्वच्छ खोली हजाराच्या आत मिळाली. रात्री मच्छीची थाळी घ्या, सोलकढी दुसऱ्यांदा मागितली तरी कुणी भुवया उंचावत नाही.

शनिवारी सकाळी पोलादपूर ओलांडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलो. कापडे याच रस्त्यावर आहे. भात कधीच कापून झालं होतं आणि खाचरांतून वाल हिरवागार पसरला होता. सुलभाने माहेरी कळवलं नव्हतं. "आधी काम, मग घर. घरी गेलो तर दुपारपर्यंत खातच बसू." म्हणून आम्ही गावाबाहेरच्या एका मोकळ्या खळ्यावर, जिथे भात झोडतात त्या सारवलेल्या जमिनीवर, तिपाई उभी केली. तिच्यावर पिवळ्या पट्ट्यांची अँटेना बसवली. उन्हासाठी दोघींनी टोप्या घातल्या. सुलभाने कानाला हेडफोन लावले आणि मी गुडघ्यावर लॅपटॉप घेऊन बसले.

उपग्रह दहाएक मिनिटं डोक्यावरून जातो, तेवढ्यात काय ते साधायचं. पहिल्या फेरीला तो पूर्वेकडून, महाबळेश्वरच्या कड्यामागून चालला होता. सुलभा अँटेना फिरवत राहिली. हेडफोनमध्ये नुसती खरखर. मी तीनदा संदेश पाठवला, तिन्ही वेळा काही नाही. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या. चेहरा तेवढा गंभीर ठेवला.

त्याच वेळी वरच्या वाडीच्या अंगाने एक लांबलचक हाक आली. "ओ…" एवढीच. मग थोडा वेळ शांतता. मग पलीकडच्या डोंगरावरून तसाच उलटा "ओ…" आणि त्यानंतर काही शब्द, मला न कळलेले. पुढे तिसरीकडून. मी खुळी, मोबाइलवर ते रेकॉर्ड करत बसले. किती गोड, कुणीतरी रानात गातंय, असं वाटलं मला. सुलभाला ते नक्की कळलं असतं, पण तिच्या कानात खरखर चालू होती.

अर्ध्या तासात माणसं यायला लागली. खालून, वरून, बांधावरून. बायका पदर खोचून, पुरुष शर्टाची बटणं लावत, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. सगळ्यांच्या पुढे एक ताठ म्हातारे होते, धोंडूआबा, वरच्या वाडीचे.

"मोजणी कुनी मागवली?" त्यांनी मला विचारलं. "नोटीस नाय, काय नाय. आमच्या बांधाला हात लावायचा नाय हां, आधीच सांगतो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिपाई, पिवळा टेप, टोप्या, लॅपटॉप. मोठा रस्ता रुंद व्हायला लागल्यापासून इकडे टेप घेतलेला माणूस दिसला की लोक आधी सातबारा शोधतात. पिशव्यांत सातबारेच होते. वाडीवाडीला कुकारा गेला होता, म्हणजे डोंगरावरून डोंगरावर घालायची ती लांब हाक: मोजणीवाल्या बाया आल्यात, कागद घेऊन या.

तेवढ्यात गर्दीतून एक गृहस्थ धापा टाकत पुढे आले, पिशवी छातीशी धरलेली, आणि जागच्या जागी थांबले.

"सुले? तू गो?"

सुलभाने हेडफोन काढले. समोर तिचा सख्खा भाऊ दत्तादादा, हातात घरचा सातबारा.

"बँक सोडून मोजनीत कदी लागलीस?" दादांनी विचारलं. "आनि पयला आमचाच बांध धरलास?"

मग जे हसणं सुटलं ते काही केल्या आवरेना. धोंडूआबाही हसले, पण पिशवी त्यांनी काखेतून काढली नाही. दादांची बायको, सगळ्या गावाची वहिनी, चहाची किटली घेऊन आली. सगळे खळ्यावरच बसले. आलेच आहेत तर ऐकूनच जाऊ, असा एकंदर विचार दिसला.

मी उपग्रह समजावून सांगितला. माझा कॅमेरा आधी सांगितला, अर्थातच, आणि जरा रंगवून. वरून कापडे कसं दिसेल, सावित्री कशी दिसेल. लोकांना आवडलं. "आमच्या वाडीचा फोटू येल?" कुणी विचारलं. वाडी एका ठिपक्यातही मावणार नाही, हे मला कबूल करावं लागलं. मग सुलभाने टपालपेटी सांगितली.

"म्हंजी कुकाराच की," धोंडूआबा म्हणाले.

मी विचारलं, आज एवढ्या लांब बातमी पोचली कशी? आबांनी रीत सांगितली. आधी नुसती हाक घालायची. समोरून ओ आल्याबिगर बातमी सांगायची नाय. बातमी सांगितली की परत ओ घ्यायची. ओ नाय आली तर पोचली नाय असं धरायचं आणि परत हाक घालायची. आमच्या यंत्रांनाही आम्ही हेच शिकवतो, फक्त त्याला इंग्रजी नाव देतो. मी म्हटलं, "मग तुम्हाला उपग्रह कशाला हवा? तुमचं चाललंय की झकास."

"पावसात नाय चालत," वहिनी म्हणाली. "वढा एवढा गरजतो, शेजारचीची हाक कानी येत नाय. लाईट जाते, टावर जातो. आमचा परेश भांडुपला. तिकडं टीव्हीवर सावित्रीचा पानी दाखवतात आनि हा फोन लावत बसतो. एकदा दोन दिवस लागला नाय. तिसऱ्या दिवशी चालत आला पोलादपुरातनं, चिखलानं भरलेला. आमी इथं भाकरी खात बसलेलो." तिने रिकामी किटली बाजूला सरकवली. "त्याला बाकी कायसुदीक नको असतं हो. 'घरची हायत' एवढा कळला की झोपतो पोरगा."

तिथे बसलेल्या प्रत्येक घरचं कुणी ना कुणी मुंबईला होतं. माना हलल्या. मी लॅपटॉपमध्ये तोंड घातलं.

दीड-पावणेदोन तासांनी दुसरी फेरी होती, या वेळी जवळजवळ डोक्यावरून. सुलभा हेडफोन लावायला लागली तर मी म्हटलं, "राहू दे, स्पीकर लाव. सगळ्यांना ऐकू दे." रेडिओचा परवाना आम्हा दोघींकडेच आहे, त्यामुळे पाठवणार आम्हीच. पण काय पाठवायचं, हे मी वहिनीला विचारलं.

"कापड्यात सगळी बरी हायत," ती म्हणाली.

उपग्रह डोंगराच्या वर आला तसा स्पीकर किरकिरला, रातकिड्यासारखा. सुलभा अँटेना हळूहळू आकाशात वळवत होती. मी पाठवलं. काही नाही. परत पाठवलं. काही नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी देवाचा धावा करतेय, स्वतःच्या कॅमेऱ्याच्या विरुद्ध. तिसऱ्यांदा पाठवलं. दादा घड्याळ बघायला लागले. फेरी संपत आलेली.

मग पडद्यावर एक ओळ उमटली. पुण्याहून, गच्चीत बसलेल्या काळे सरांची. मी ती मोठ्याने वाचली: "कापड्यात सगळे बरे आहेत, पोचलं. पुण्यातही बरे आहोत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धोंडूआबांनी मान डोलावली. "ओ दिली. म्हंजी पोचला." आणि त्यांनी उभं राहून वरच्या वाडीच्या दिशेने हात तोंडाशी धरून कुकारा घातला. सुलभाने हसत मला अर्थ सांगितला: मोजणी नाही, जेवायला बसा.

आम्हीही बसलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भाजलेली सुकट. सुलभा म्हणाली होती ते खरं होतं, दुपारपर्यंत खातच होतो. तुम्ही गेलात आणि कुणाच्या घरी जेवायचा योग आला, तर सकाळचा नाश्ता टाळा. निघताना वहिनीने गाडीत वालाची पिशवी आणि तांदूळ कोंबले. पैसे देऊ केल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. परतताना आंबेनळी घाटातून महाबळेश्वर, वाईमार्गे आलो. घाट अरुंद आहे, उजेड असतानाच चढा. सुलभा पैज जिंकली होती, पण वाटेत तिने एकदाही तसं म्हटलं नाही, आणि वाईच्या चहाचे पैसेही तिनेच दिले.

रविवारी गॅरेजमध्ये काळे सरांनी विषय काढायच्या आत मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. वाईट वाटलं. खूपच वाटलं. दोन वर्षांचं काम एका हातात मावत होतं. मग मी म्हटलं की नुसती टपालपेटी नको. लांबलचक संदेश नकोतच. डोंगरातल्या वाड्यांवरच्या साध्या यंत्राने एवढंच वर पाठवायचं: आम्ही आहोत. उपग्रहाने तो मुंबईला पोचवायचा, आणि पोचल्याची ओ वाडीवर परत आणून द्यायची. ओ मिळेपर्यंत यंत्राने हाक मारत राहायचं. मग मी आणखी बराच वेळ बोलत राहिले. सुलभा डोळे पुसत होती आणि सोल्डरच्या धुराला नावं ठेवत होती. सोल्डरिंग कुणीही करत नव्हतं.

अजून पुष्कळ काम बाकी आहे. परवानग्या आहेत, चाचण्या आहेत, तो वर जाईलच याची खात्री कुणी देत नाही. तरी एवढी मजा मला या कामात आधी कधी आली नव्हती. कॅमेरा कपाटात आहे आणि त्याच्याकडे बघून आता राग येत नाही. कापड्याचा वाल मात्र संपला.

निकाल लागला त्या रविवारी संध्याकाळी सुलभाने कापड्याला फोन लावून माझ्या हातात दिला. मी वहिनीला निकाल सांगितला.

"वाडीवरनं दिसंल का वो त्यो, जाताना?" तिने विचारलं.

"नाही दिसणार वहिनी. फारच लहान आहे."

"नाय दिसला तरी चालंल," वहिनी म्हणाली. "ऐकंल ना?"

"ऐकेल."

"मंग झाला."