मामांना चढत का नव्हती

एमफार्म करत असताना माझे दिवस पांढऱ्या उंदरांच्या संगतीत जायचे. उंदराला दारूचा अगदी लहान डोस द्यायचा, पेटीत सोडायचं आणि तो किती हिंडतो ते यंत्रावर मोजायचं. तेवढ्या दारूनं तो सुस्तावत नाही, उलट पेटीभर पळत सुटतो. पण डोपामिन हे तरतरी आणणारं रसायन मेंदूत ज्या जागेवर बसतं, तो रिसेप्टर अडवणारं औषध आधी दिलं, तर तीच दारू पोटात असूनही गडी नेहमीच्या चालीनं फिरतो.

एकदा सिल्लोडहून थोरले मामा आले. कापसाचे व्यापारी, मोकळ्या स्वभावाचे. माझ्या खोलीची किल्ली घ्यायला ते थेट प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले.

"हा कामून एवढा पळतोय?" त्यांनी काचेतून पेटीकडे बघत विचारलं.

"दारूनं, मामा."

"मग आपल्याच बिरादरीतला दिसतोय," म्हणून ते बराच वेळ हसत राहिले.

धाकट्या मामांना दोन पेगांत झोप यायची. थोरल्यांना मात्र लई पचते, असं सगळं घर कौतुकानं म्हणायचं. वरातीत शेवटपर्यंत तेच नाचत असत, आणि जेवायला बसायचे ते शेवटच्या पंगतीला.

कॅन्टीनमध्ये चहा घेताना मी जरा बिचकतच बोलले. "मामा, तुम्हाला पचत नाय. दारूनं डोपामिन वाढतं, ते रिसेप्टरवर बसलं की तरतरी येते. नशेच्या कितीतरी औषधांचंही तसंच. काहींना ही तरतरी जास्त येते अन् झोप कमी. मग थांबायचं कधी, हे कळतच नाही. अशांनाच व्यसनाचा धोका जास्त."

मामांनी बशी खाली ठेवली. "ते उंदराचं औषध मला मिळंल का?"

"नाय. ते प्रयोगापुरतंच. माणसांसाठी डॉक्टर आहेत."

"धाकट्याला मी आयुष्यभर हसलो," ते हळूच म्हणाले. "त्याचीच तब्येत बरी निघाली, व्हय?"

मला वाईट वाटलं. मामांना दुखवायचं नव्हतं, पण बोललेलं मागे घेण्यासारखंही नव्हतं. त्यांनी चहाचे पैसे दिले आणि किल्ली घेऊन गेले.

पुढच्याच आठवड्यात ते मामींना घेऊन डॉक्टरांकडे गेले. सगळं सरळ झालं नाही; दिवाळीत एकदा घसरले, पुन्हा सावरले. परवा मामींचा फोन आला होता.

"काय सांगितलंस गं त्यांना? आता लग्नात पहिल्याच पंगतीला बसतेत. मी साडी सावरून येईस्तोवर यांचं ताट निम्मं झालेलं असतं."