पूर्ण एक मिनिट

८ एप्रिल १९९५. झावळ्यांच्या रविवारची आदली सकाळ. चर्चच्या पडवीत स्टोव्ह पेटवून मी खळ शिजवत होते. भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्या प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड दरवर्षी मीच कडक करते, कारण दुसऱ्या कुणी केलं की गुठळ्या राहतात. झाडलोटीला आलेल्या बायका बाक पुसून घरी गेल्या होत्या. आत दुसऱ्या बाकावर एकट्या सातपुते सिस्टर बसल्या होत्या. ताठ, डोळे अर्धवट मिटलेले, उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, जणू स्वतःचीच नाडी बघतायत. पुढ्यात बायबल नाही, ओठांवर शब्द नाही. खळ शिजून निवेपर्यंत बाई हलल्या नाहीत. मी मात्र तीनदा दाराशी जाऊन डोकावले. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं दिलेलं होतं.

एस्तेर सातपुते मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या. त्याच दवाखान्यात चादरी-टॉवेलांची खोली माझ्या ताब्यात, शिवाय सांगलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. मूळ गाव शिराळ्याकडचं. डॉक्टरांशी पुस्तकी मराठी बोलत, बाकी सगळ्यांशी गावची.

वॉर्डात त्यांचा दरारा होता तो एका गोष्टीमुळं. पेशंटचा श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलेलं त्यांना चालत नसे. आणि पेशंटला कळू द्यायचं नाही. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर ठेवायची, कारण श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. एकदा मी चादरी घेऊन गेले तर त्यांनी एका नव्या नर्सला तक्त्यांपुढं उभं केलं होतं. अठरा खाटा आणि अठराही तक्त्यांवर श्वास वीस.

"ह्यो वीस कुनाचा?"

"सिस्टर, सगळे नॉर्मलच होते..."

"सगळ्यास्नी वीस? ह्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला बी वीस? त्याच्याकडं बघून लिव्हलंस का भिताडाकडं बघून?"

पोरीला परत मोजायला लावलं. म्हाताऱ्याचा श्वास छत्तीस निघाला. तासाभरात त्याला ऑक्सिजन लावला होता.

निवृत्त झाल्यावर त्या साताऱ्याला भावाकडं जाऊन आल्या. त्यांचा थोरला भाऊ छप्पन सालानंतर बौद्ध झालेला. तेव्हा सिस्टर मिशनच्या बोर्डिंगात होत्या, त्या ख्रिस्ती राहिल्या. साताऱ्यात भाच्यानं त्यांना बौद्ध विहारातल्या दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला नेलं. परत आल्या त्या मनगट धरून गप्प बसायच्या ह्या नव्या सवयीसकट.

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थना मोठ्यानं होते. भगिनी मंडळात पाळीपाळीनं प्रत्येक बाई उभी राहते, आजारी, विधवा, परीक्षेला बसलेले, प्रवासाला निघालेले, सगळ्यांची नावं घेते. माझी यादी सर्वांत लांब. मी ती कागदावर लिहून पर्समध्येच ठेवते. शिबिरानंतर पहिल्यांदा सिस्टरांची पाळी आली तेव्हा त्या उभ्या राहिल्या, मनगट धरलं आणि गप्प. कुणी खोकलं, कुणी बांगड्या वाजवल्या, एकीला वाटलं बाईंना झटका आला. बऱ्याच वेळानं त्या "आमेन" म्हणाल्या आणि बसल्या.

पुढच्याच आठवड्यात मंडळीचे सेक्रेटरी डेव्हिडराव माझ्या दारात.

"लीलाबाई, तुम्ही शेजारी राहता. बघा जरा त्या मनात काय जपतात. मंत्र असेल तर मंत्र, कुणाचं नाव असेल तर नाव. लेखी द्या."

"मी काय पोलीस आहे का?"

"चिटणीस आहात ना भगिनी मंडळाच्या? रविवारी पंचांची सभा आहे. समाधान झालं नाही, तर गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, त्यांना प्रभुभोजन मिळणार नाही."

खोटं कशाला लिहू, संशय मलाही होता. जे मोठ्यानं बोलता येत नाही त्यात काहीतरी दडवलेलं असतं असं माझं तेव्हा मत होतं. थोडंफार आजही आहे. शिवाय सिस्टर पूर्वी तापट होत्या. शिबिरानंतर त्यांचा आवाज चढेनासा झाला. एवढा बदल फुकट होत नाही. कुणाला काय देऊन आल्या, हे मला बघायचं होतं.

तर त्या शनिवारी निवलेल्या खळीत कापड बुडवून ठेवून मी सरळ आत गेले आणि विचारलं, "सिस्टर, मनात काय म्हणता?"

"काय न्हाई."

"काहीच नाही असं कसं? झाडूनपुसून रिकामं ठेवलेल्या घरात भुतं शिरतात, हे आपण लहानपणापासून ऐकतोय."

"रिकामं कुठं हाय? श्वास हाय की आत. मातीच्या माणसात कुनी फुकला? तुमी लेकरास्नी शिकवताच की. त्यानं दिलेला येतोय, जातोय, त्येवढं बघती. मागत काय न्हाई."

"मग भाच्याच्या विहारात जाऊन कशाला शिकलात? आपल्यात काय कमी होतं?"

त्या हसल्या. "आवं बाई, मोजाय मी हितंच शिकले, दवाखान्यात. पस्तीस वरीस दुसऱ्याचा मोजला. तितं त्यांनी सांगितलं, आता सोताचा बघा. मोजू नका, नुसता बघा. बसल्यावर मला आपला प्रभूच आठवला, त्याला मी काय करू? बसा की शेजारी. धरा मनगट."

बसले. तपासायला बसले होते, दुसऱ्या कशाला नाही. त्यांचे ओठ हलले नाहीत, घशात आवाज नाही, बोटांत मणी नाहीत. ते पाहून झाल्यावर करायला काही उरलं नाही म्हणून माझा श्वास बघितला. तीन श्वासांत मनात कापडाची खळ आली, डेव्हिडरावांचा कागद आला, रविवारच्या प्रार्थनेची यादी आली. यादीतली नावं मी मनात धडाधड म्हणून टाकली आणि मधेच अडकले. त्यातली एक बाई दोन महिन्यांपूर्वी वारली होती. मी मातीला गेले होते. तरी दर आठवड्याला तिच्या बरं होण्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करत होते, आणि ऐकणाऱ्या सगळ्या आमेन म्हणत होत्या.

सगळ्यांना वीस. मला दुसरं काही सुचेना. उठले आणि कापड वाळत घालायला गेले.

अहवाल मी त्याच दुपारी लिहिला. जे पाहिलं तेवढंच लिहायचं, ही माझी शिस्त. ओठ हलत नाहीत. मंत्र नाही. माळ नाही. श्वास पाहतात व तो देवाचा मानतात. हे साताऱ्यास विहारात शिकल्या. हे बरे की वाईट, हे मला ठरवता आले नाही.

रविवारी उपासनेनंतर पंचांनी तो वाचला. 'विहारात' ह्या शब्दावर डेव्हिडरावांचं बोट थांबलं आणि तिथून पुढं हललंच नाही. मी म्हणाले, "वरच्या ओळीही वाचा की." ते म्हणाले, "वाचल्या. तुमच्याच सहीचा कागद आहे." आमचे पाद्री, पाळकसाहेब, भिडस्त, चष्मा पुसत बसले. प्रभुभोजन बंद, पुढचा निर्णय होईपर्यंत.

निरोप सांगायला मीच गेले. सिस्टर ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी सांगितलं. त्यांचा चेहरा तसाच राहिला, हातही थांबले नाहीत.

"चाळीस वरसांत एकदा बी चुकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "रातपाळी करून आले तरी चुकवलं न्हाई."

"कागद मी लिहिला."

"खरं लिव्हलंत न्हवं? मग झालं."

मी त्यांचा हात धरला. धीर द्यायला धरतात तसा, मनगटाशी. आणि पदराखाली छाती वरखाली होत होती तिकडं बघत राहिले. भिंतीवरच्या घड्याळात काटा फिरून आला. एकतीस.

"मोजलासा?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"किती?"

"एकतीस."

"आवं, पेशंटला कळू द्यायचं नसतंय," म्हणाल्या आणि लसणाकडं मान खाली घातली.

गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाचे काचेचे लहान पेले मी भरले, एक कमी. सिस्टर आल्या. मला वाटलं होतं येणार नाहीत. शेवटच्या बाकावर बसल्या. पेल्यांचं तबक त्यांच्या पुढून गेलं तेव्हा त्यांनी गुडघे एका बाजूला घेतले, नेणाऱ्याला वाट मिळावी म्हणून.

बंदी चार महिन्यांनी नव्या पाळकांनी उठवली. सिस्टर वारल्या अठ्ठ्याण्णव साली, साताऱ्यात, भावाच्या घरी. माती सांगलीत आपल्याच कबरस्तानात झाली. भावाकडची माणसं पांढऱ्या कपड्यांत एका बाजूला शांत उभी होती आणि डेव्हिडरावांनी लांबलचक प्रार्थना केली. त्या साधनेबद्दल मला आजही खात्री नाही. मी रोज बसत नाही. एवढा वेळ कुणाला आहे?

पण त्या गुरुवारनंतरची एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. सकाळी उपासनेआधी भगिनी मंडळाची प्रार्थना असते. डेव्हिडराव दारात गीतांच्या वह्या घेऊन उभे होते, सिस्टर शेवटच्या बाकावर होत्या. माझी पाळी आली. यादी पर्समध्ये होती, ती तिथंच राहू दिली. उभी राहिले, तीन बोटं मनगटावर ठेवली आणि घड्याळाचा काटा पूर्ण फिरेपर्यंत एक शब्द बोलले नाही. बायका खोकल्या. बांगड्या वाजल्या. मग मी आमेन म्हणाले आणि खाली बसले.