घड्याळांची चौकशी करणाऱ्या नलिनीताई

नलिनीताईंची आणि माझी पहिली भेट उरणजवळ द्रोणागिरीच्या आमच्या कंटेनर-गोदामात झाली. संगणक विभागाच्या प्रमुख म्हणून त्या रुजू झाल्या आणि मी चहा सांगेपर्यंत माझ्या पडद्यावरची वेळ शेजारच्या पडद्याशी ताडून पाहू लागल्या. "यातली खरी कोणती हो?" मी म्हटलं, "ताई, दोन मिनिटांनी काय बिघडतंय?" त्यांनी असं पाहिलं, की मी गपगुमान चहा प्यायलो.

संगणकाचं घड्याळ रोज थोडं सरकतं, म्हणून सगळ्यांनी एका मुख्य यंत्राला वेळ विचारायची, हे ताईंनीच आम्हाला शिकवलं. उत्तर वाटेत असतानाही वेळ पुढे गेलेली असते. तेवढी त्यात मिळवायची. हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलतो, जणू आजच कळलंय!

काय बिघडतं, ते गजाननच्या वेळी समजलं. गजानन आमचा उरणकडचा ट्रेलरचालक. त्याच्या कंटेनरमध्ये मोजणीच्या वेळी खोकी कमी निघाली. गेटच्या कॅमेऱ्यातली वेळ आणि वजनकाट्याच्या पावतीवरची वेळ यांत पाव तासाचं अंतर; मधला रस्ता तर हाकेच्या अंतराचा. गाडी मध्ये थांबवून माल काढला, असं ठरवून वरिष्ठ त्याला कामावरून काढायला निघाले. "मी कुठं थांबलोच नाय," एवढंच तो म्हणत राहिला.

ताईंनी त्या दिवशीच्या इतर गाड्यांच्या वेळा मागवल्या. प्रत्येक गाडी तेवढाच वेळ गायब! "मग सगळेच चोर का?" असं म्हणून त्या थेट वजनकाट्यावर गेल्या. तिथले कारकून सावंत ओशाळले. घरी जायची मोरा बंदरावरची लाँच चुकू नये म्हणून त्यांनी संगणकाचं घड्याळ पुढे केलं होतं. "घरी पण पुढेच ठेवतो, ताई. हे मेलं आपोआप मागे यायचं, म्हणून मुख्य यंत्राला वेळ विचारणंच बंद केलं." मी संतापलो होतो. ताई मात्र खळखळून हसल्या, संगणक पुन्हा मुख्य यंत्राशी जोडला आणि सावंतांसाठी भिंतीवर वेगळं घड्याळ लावून दिलं, हवं तेवढं पुढे करा म्हणून. खोकी मुळातच कमी आली होती, हे नंतर माल पाठवणाऱ्यानेही कबूल केलं.

ताईंच्या एकसष्टीनिमित्त पनवेलला हा गौरवग्रंथ निघतोय, तेव्हा काय लिहू, असं मी गजाननला विचारलं. तो अजून आमच्याकडेच आहे. तो म्हणाला, "ताईंनी सगल्यांना सगला इचारला. मना मातुर 'तू चोरलास का' असा एकदाय इचारला नाय."

ताई, तुमची प्रकृती ठणठणीत राहो आणि तुम्ही शंभरी गाठा. आमच्यातल्या कुणावर उद्या बालंट आलं, तर आधी तुम्हीच भेटायला हव्या आहात.