अकोल्याची गाडी, खिडकीच्या गल्लीत

लकव्याचा झटका आल्यापासून आमचे हे घराबाहेर पडत नव्हते. हातपाय बरेचसे सावरले, पण जीभ जड राहिली आणि तोंडाची उजवी बाजू जराशी ओघळली. बस्, एवढ्यावर माणसानं जगाशी कट्टी केली. दारात कोणी आलं की हे मागच्या खोलीत. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "चार लोकांत बोलू द्या त्यांना. बोललेच नाहीत तर जीभ अशीच राहील." पण ऐकते कोण! मीही काही मऊ बाई नाही. भांडले, रुसले, शेवटी हातसुद्धा जोडले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी गाडी शिकले. साठीला टेकलेली बाई चौकात गाडी बंद पाडते, हे पाहून लोक हसायचे. हसा म्हटलं, तुमच्या बापाचं काय जाते! हात बसल्यावर एका रविवारी ह्यांना म्हटलं, "चला, अकोल्याच्या वेशी पाहू, मग अमरावतीचा परकोट. तुमाले जुन्या दगडांचं वेड. उतरू नका, गाडीतूनच पाहा."

"मी कोणाशी बोलणार नाही."

"दगडाशी कोण बोलते?" मी म्हटलं, आणि किल्ली फिरवली.

आधी आमच्या अकोल्यातच असदगडाचा बुरूज पाहिला, मग दहीहांडा वेस. तिथून मूर्तिजापूरवरून अमरावती. वाटेत माझ्या गाडी चालवण्यावर ह्यांची टीका अखंड चालू होती. "हळू. अगं, ट्रक हाय तो!" माझ्याशी भांडायला जीभ बरी चालायची. अंबागेटच्या कमानीखाली मागून दहा हॉर्न वाजत असताना ह्यांनी मला सांगितलं, की पेंढाऱ्यांच्या धाकानं हा कोट बांधला, आणि मोठ्या दरवाजांच्या मधे जी छोटी दारं ठेवली त्यांना इथे खिडक्या म्हणतात. एवढं लांब वाक्य ह्यांच्या तोंडून मी किती दिवसांनी ऐकत होते! मला तर पेट्रोल तिथेच वसूल झाल्यासारखं वाटलं.

"एक खिडकी पाहू," हे म्हणाले. म्हणून मी कोटाच्या आतल्या गल्लीत शिरले. गल्ली अरुंद. गाडी मुंगीच्या चालीनं चाललेली, आणि हे काच खाली करून एकेका घराची चौकट, लाकडी सज्जा निरखून पाहताहेत. एका नक्षीच्या दारापुढे म्हणाले, "थांब." मी थांबले.

त्या दारात पांढरी टोपी घातलेले एक आजोबा उभे होते. त्यांनी गाडीचा एमएच तीस नंबर पाहिला आणि आत वळून ओरडले, "आले वो! अकोल्याचे पाव्हणे आले!"

काही कळायच्या आत त्यांनी ह्यांच्या बाजूचं दार उघडून हात धरला. "या, सावकाश उतरा." हात धरल्यावर हे काय करणार? उतरले.

"अहो, आमी ते नाही," मी म्हटलं.

"बसा तं आधी!"

"नाही नाही, तुमचा काहीतरी घोळ होऊन राहिला."

पण आमच्या वऱ्हाडात पाहुण्यानं नाही नाही म्हणायचं आणि घरच्यानं ओढून न्यायचं, हीच रीत. मी जितकं नाही म्हटलं तितकी मी त्यांना वळणाची वाटले असणार. दिवाणावर कोरी चादर, आतून सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, तळणाचा वास. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आजोबांच्या नातीला पाहायला आज अकोल्याहून मुलाकडचे येणार होते, आणि ते आम्हीच, असं अख्ख्या घरानं धरलं होतं.

तेवढ्यात साडीतली ती पोरगी चहाचा ट्रे घेऊन आलीच. ट्रे ठेवून पाया पडायला वाकली. मला शब्द सुचेना. मला! ह्यांनी डावा हात वर केला.

"थांब, बाई. आमी... ते नाही. आमाले पोरगं नाही. आमी खिडकी... पाहाले आलो."

ह्यांचा चेहरा लालबुंद. मला वाटलं, झालं, आता हा माणूस पुन्हा कधी उंबरा ओलांडत नाही. आधी हसली ती पोरगीच. मग सगळं घर.

"खिडकीत काय पाहाचं हाय? आमी तं रोज पायतो," आजोबा म्हणाले. "अन् पोरगी पाहाले नाही आले, तं काय उपाशी जाता? बसा चुपचाप!"

"तुमचे पाव्हणे येतील," मी म्हटलं.

"येतीन तवा येतीन."

ह्यांनी वडी खाल्ली. तोंडाच्या कोपऱ्यातून थोडी सांडली. मी रुमाल शोधेपर्यंत आजोबांनी स्वतःची दस्ती ह्यांच्या हातात दिली होती आणि विचारत होते, "अकोल्यात कोणच्या कोणच्या वेशी उरल्या, सांगा बरं." हे सांगू लागले. शब्द अडायचा. आजोबा बशीतला चहा फुंकत थांबायचे, शब्द आला की पुढचं विचारायचे. त्या म्हाताऱ्या माणसाला मी मनातल्या मनात किती वेळा हात जोडले!

मग खरे पाहुणे आले. आम्ही घाईनं उठलो. मुलाच्या वडिलांनी आमच्याकडे पाहत विचारलं, "हे कोण?"

"आमचे पाव्हणे. अकोल्याचेच," आजोबा म्हणाले.

मी ह्यांचं नाव सांगायला तोंड उघडलं. दवाखान्यात, बँकेत, दारात, सगळीकडे ते आता मीच सांगत होते. पण ह्यांनी डावा हात पुढे केला आणि स्वतःचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मधे दोनदा अडले, पण पुरं सांगितलं. मी तिथेच, त्या नव्या पाहुण्यांसमोर, पदर तोंडाला लावून रडले. त्यांना काय वाटायचं ते वाटो.